रात्री दोन वाजता कोण उठणार?

वाचकांचे प्रश्न : घरची शुश्रूषा की केंद्र

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच पेचाची आहेत. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलंय, त्याला घरीच सांभाळायचं की कुठे ठेवायचं? आधी एका शब्दाचा खुलासा. मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटलं की अनेकांना छोटं खासगी रुग्णालय आठवतं. आपण बोलतोय ते आजारी माणूस महिनोन्‌महिने राहू शकेल अशा निवासी शुश्रूषा केंद्राबद्दल. खाली त्याला नुसतं ‘केंद्र’ म्हटलंय.

प्रश्न : वडिलांना (वय ७६) पक्षाघात होऊन पाच आठवडे झाले. उजवी बाजू लुळी आहे, नाकातून राईल्स ट्यूब (पोटात आहार पोचवणारी नळी) आणि लघवीची नळी आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे. पुढच्या आठवड्यात डिस्चार्ज. आई ७१ वर्षांची, तिचे गुडघे धरलेत. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीला. डॉक्टर म्हणतात, ‘घरी न्या किंवा केंद्रात ठेवा, तुम्ही ठरवा.’ कशावरून ठरवायचं?

आजाराच्या नावावरून तर नाहीच. एक मोठा कागद घ्या आणि चोवीस तासांच्या चोवीस ओळी आखा. प्रत्येक ओळीत काय करायचं, कोण करणार आणि किती माणसांचे हात लागणार, हे लिहा.

तुमच्या वडिलांचा कागद साधारण असा भरेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे दिवसाला बारा वेळा. रात्री दहा, बारा, दोन, चार आणि सकाळी सहा या पाच वेळा त्यातल्याच. नळीतून आहार समजा सहा वेळा. प्रत्येक वेळी डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलायची, आधी ३० मिलि पाणी, मग गाळलेला पातळ आहार सावकाश, मग पुन्हा ३० मिलि पाणी, आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास तसंच बसतं ठेवायचं. एका वेळेला तास जातो. डायपर तपासणं आणि लागेल तेव्हा बदलणं, तोंड पुसून साफ करणं तीन वेळा. तोंडाने खात नाहीत म्हणून तोंड स्वच्छच असेल हा समज चुकीचा आहे. न खाणाऱ्याचं तोंड लवकर घाण होतं, आणि तीच लाळ फुप्फुसात उतरली की न्यूमोनिया होतो. याशिवाय औषधं, साखर तपासणं, इन्सुलिन, दोनदा व्यायाम, अंग पुसणं, लघवीची पिशवी रिकामी करणं.

आता ‘कोण’ हा रकाना भरा. दिवसाच्या ओळी पटापट भरतात. पेन अडतं ते रात्री दोनच्या ओळीवर. बहुतेक घरांत निर्णय खरा तिथेच होतो, आपल्याला तो कळतो मात्र तीन महिन्यांनी, घरातलंच दुसरं माणूस आजारी पडल्यावर.

मदतनीस ठेवायचे तर हिशोब मांडा. बारा तासांच्या पाळ्या धरल्या तर आठवड्यात चौदा पाळ्या होतात. एक माणूस सहाच्या वर करू शकत नाही, निदान नीट करू शकत नाही. दोन माणसांच्या बारा झाल्या, दोन उरल्या. त्या दोन कोणाच्या हे आधी ठरलं नाही तर त्या आपोआप आईच्या होतात. तेव्हा मदतनीस तीन हवेत, किंवा त्या दोन पाळ्यांवर तुम्हा दोघांची नावं हवीत. उचलण्या-वळवण्याच्या एकाही ओळीत आईचं नाव येऊ देऊ नका.

दुसरा भेद सिस्टर आणि मदतनिसातला. कूस बदलणं, डायपर, अंग पुसणं, शिकवल्यावर नळीतून आहार देणं हे मदतनीस करू शकतात. राईल्स ट्यूब घालणं हे त्यांचं काम नाही. नाकपुडीशी नळीवर पेनने खूण करून ठेवा आणि प्रत्येक आहाराआधी ती जागेवर आहे का ते पाहा. नळीतून हवा सोडून पोटात गुरगुर ऐकण्यावर विसंबू नका, नळी चुकून श्वासनलिकेत असली तरी आवाज येऊ शकतो. नळी निम्मी बाहेर आली तर परत ढकलायची नाही आणि तिच्यातून थेंबही द्यायचा नाही. इथेच तुमच्या घरातली सर्वांत मोठी चूक होऊ शकते. संध्याकाळचं इन्सुलिन दिलंय, रात्री नऊला नळी निघाली, आहार थांबला, आणि साखर खाली खाली जातेय. तेव्हा नळी निघाली की पहिलं काम साखर तपासणं, दुसरं डॉक्टरांना फोन. ‘सकाळी बघू’ चालणार नाही. रात्री येऊन नळी घालणारी सिस्टर मिळते का, हे डिस्चार्जच्या आधी विचारून ठेवा.

आमचं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत आत्ता केंद्र बरं, पण सहा-आठ आठवड्यांपुरतं. पक्षाघातानंतर सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही महिन्यांत, त्यामुळे रोज फिजिओथेरपी मिळणं आणि गिळण्याची पुन्हा तपासणी होणं आत्ता मोलाचं आहे. आहाराच्या नळीची गरज संपली आणि खुर्चीत बसवता येऊ लागलं की तुमच्या कागदावरच्या निम्म्या ओळी खोडल्या जातील. मग तोच कागद पुन्हा भरा.

घरीच न्यायचं ठरलं तर डिस्चार्जच्या आधी एक दिवस-रात्र वॉर्डातच तालीम करा. सगळं तुम्ही करायचं, सिस्टरने फक्त बघायचं. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा : उजव्या काखेत हात घालून उचलायचं नाही, तो हात धरून ओढायचंही नाही. लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, सांधा निसटतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी चादर घालून ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा धरून सरकवायचं.

प्रश्न : आईसाठी दोन मदतनीस आहेत, एअर बेडही (हवेचे कप्पे आळीपाळीने फुगणारी गादी) आणला. तरी माकडहाडावर लाल डाग आलाच. घरी नीट होत नाही, केंद्रातच ठेवायला हवं, असं समजायचं का?

आधी डाग बघा. बोटाने तीन सेकंद दाबा आणि सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर रक्तपुरवठा शाबूत आहे. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या व्रणाची, पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, गार, कडक किंवा पिचपिचीत लागतंय का ते हाताने बघायचं.

मग गादी. आईखालून, अगदी माकडहाडाच्या खाली, एअर बेडच्या तळाशी तळहात सरकवा. वर दोन-तीन सेंटिमीटर हवा जाणवली पाहिजे. थेट हाड हाताला लागत असेल तर गादी नुसती दिसायला आहे. कारणं ठरलेली असतात : पंपावरचा वजनाचा खटका कमीवर ठेवलाय, नळी पलंगाच्या कडेत दुमडली आहे, किंवा कोणीतरी झाडू मारताना प्लग काढला आणि लावलाच नाही. त्याहून नेहमीची चूक म्हणजे थर. गादीवर प्लॅस्टिक, त्यावर दुमडलेलं पांघरूण, त्यावर अंडरपॅड, त्यावर डायपर. फुगणाऱ्या-बसणाऱ्या कप्प्यांचा उपयोग शरीरापर्यंत पोचतच नाही. एक सैल चादर आणि एक अंडरपॅड, बस.

एअर बेड आला म्हणून कूस बदलणं थांबत नाही. हे दुकानात सांगत नाहीत.

वळवतानाही पूर्ण कुशीवर नको, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंशांचा कल द्या. डाग जाईपर्यंत पाठीवर झोपवणं बंद : डावी, उजवी, डावी. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलण्याआधी गुडघ्यांखालची उचला, नाहीतर शरीर खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतल्या आत फाटते. आहाराची वेळ सोडून डोकं ३० अंशांच्या वर ठेवू नका. पोटऱ्यांखाली उभी उशी ठेवा, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. रबरी टायर (मधे भोक असलेली गोल उशी) वापरू नका, त्याच्या कडेवर दाब येऊन मधल्या जागेचा रक्तपुरवठा आणखी तुटतो. लाल जागेवर तेल चोळणं तर मुळीच नको. ही सवय मायेपोटी असते आणि नुकसान करते.

राहिला मदतनिसांचा प्रश्न. पलंगाच्या पायथ्याशी तक्ता लावा : वेळ, बाजू, सही. सकाळी तो नीट पाहा. दहा, बारा, दोन, चार या नोंदी एकाच ओघात, एकाच तिरक्या हाताने उतरलेल्या दिसल्या तर त्या सकाळी सहालाच लिहिल्यात. रात्रीची मावशी दिवसा दुसरीकडे काम करते का, ते चौकशी करून पाहा. बऱ्याचदा उत्तर तिथे सापडतं, आणि त्यात तिचा एकटीचा दोष नसतो.

आठवडाभर हे सगळं काटेकोर करून डाग गेला तर घर बदलायचं कारण नाही. फोड आला, कातडी सुटली, जागा जांभळी-काळी पडली किंवा वास येऊ लागला तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. बेडसोर केंद्रातही होतात. डाग पडला एवढ्यावरून घर हरलं असं ठरत नाही.

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. रात्री उठून दाराशी जातात, ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. गेल्या वर्षभरात मी सलग चार तास झोपलेली नाही. केंद्रात ठेवलं तर त्या आणखी बिघडतील, असं नातेवाईक म्हणतात. खरंय का?

अर्धं खरं आहे. जागा बदलल्यावर पहिले काही आठवडे गोंधळ बहुतेक वाढतो, नंतर अनेकांचा बसतो. पण हे न ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. तुमची वर्षभराची झोप हेसुद्धा वैद्यकीय कारण आहे. झोप न झालेल्या माणसाच्या हातून औषधाची चूक होते.

एक मात्र आधी तपासा. हे रात्रीचं उठणं हळूहळू वाढलंय, की गेल्या दोन-चार दिवसांत एकदम? एकदम वाढलं असेल तर तो स्मृतिभ्रंश वाढल्याचा पुरावा नव्हे. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, कुठेतरी दुखणं किंवा नवं सुरू केलेलं औषध, विशेषतः झोपेचं किंवा सर्दीचं, यांतलं काहीतरी बहुधा सापडेल. ते बरं झालं की माणूस बराचसा पूर्वपदावर येतो. अशा अवस्थेत केंद्राचा निर्णय घेऊ नका.

घरी ठेवायचं तोवर दाराला लहान घंटी लावा, कडी नजरेच्या टप्प्याबाहेर, अगदी वर किंवा अगदी खाली बसवा. पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवे ठेवा. रात्री उठणाऱ्यांपैकी बरेच जण संडासच शोधत असतात. ‘घरी जायचंय’ला ‘हेच तुमचं घर’ असं उत्तर देऊन भांडण वाढतं. ‘घरी कोण कोण असतं?’ असं विचारून चार पावलं सोबत चाला, दारापासून वळवून आणा. कुलूप लावून त्यांना आत एकटं सोडून मात्र कधीच जाऊ नका.

केंद्रात न्यायचंच ठरलं तर संध्याकाळी नेऊ नका, त्या वेळी गोंधळ सर्वांत जास्त असतो. सकाळी, झोप झाल्यावर न्या. रोजचं पांघरूण धुऊ नका, तसंच न्या. घरी पलंगाच्या ज्या बाजूला संडास आहे त्याच बाजूला तिथेही मिळतो का पाहा. आणि एक पानभर माहिती लिहून द्या : कोणत्या हाकेला ओ देतात, आयुष्यभर काय काम केलं, कशाने चिडतात, कशाने शांत होतात, चष्मा आणि कानाचं यंत्र कधी लावतात. ‘पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका’ असा सरसकट नियम असेल तर त्याचं कारण विचारा. रोज ठरावीक वेळी थोडाच वेळ जाणं आणि त्या जेवायला बसल्या की निघणं अनेकांना मानवतं. निरोप लांबवू नका.

प्रश्न : केंद्र बघायला जाताना नेमकं काय बघायचं? सगळीच स्वच्छ आणि हसतमुख दिसतात.

दोनदा जा. एकदा वेळ ठरवून आणि एकदा न सांगता, रविवारी किंवा रात्रीच्या जेवणाच्या वेळी. भेटीच्या वेळेतही न सांगता आलेलं चालत नसेल तर ते केंद्र यादीतून काढा.

जेवणघरात बसा. स्वतःच्या हाताने खाता न येणारे किती आणि भरवणारे किती ते मोजा. भरवणारी उभी आहे की समोर बसलीय? आडवं झोपवून कोणाला भरवतायत का? एक घास गिळायच्या आत दुसरा जातोय का? ठसका लागल्यावर ती थांबते का? केंद्राबद्दल माहितीपत्रकातून कळणार नाही ते दहा मिनिटांत इथे कळतं.

मग खोल्यांतून फिरा. एखाद्या खोलीत लघवीचा वास आला तर ते घडतं. सगळ्या मार्गिकेत तो मुरलेला असेल, किंवा त्याच्यावर सुगंधी फवाऱ्याचा थर असेल, तर डायपर गरजेनुसार नव्हे, घड्याळाप्रमाणे बदलले जातायत. नखं, ओठ आणि पाण्याचा पेला पाहा. पेला भरलेला असतो, पण हाताच्या टप्प्यात असतो का? घंटीचं बटण गादीखाली गेलेलं नाही ना? परवानगी घेऊन एकदा दाबा आणि किती मिनिटांनी कोण येतं ते घड्याळात बघा.

‘तुमचा स्टाफ किती?’ हा प्रश्न वाया जातो. त्याऐवजी विचारा : काल रात्री या मजल्यावर नावानिशी कोण कोण होतं? रुग्ण किती होते, आणि त्यांतल्या किती जणांना वळवायला दोन माणसं लागतात? रात्री एकच मदतनीस असेल आणि तसे दहा रुग्ण असतील, तर बाकी कितीही गोड बोलले तरी कूस बदलली जात नाही. सिस्टर रात्री केंद्रात असते की फोनवर? राईल्स ट्यूब निघाली तर कोण घालतं? कोणत्या रुग्णालयात हलवतात आणि सोबत कोण जातं? रुग्णांना पलंगाला बांधतात का? शांत करायचं औषध कोणाच्या लेखी सांगण्यावरून देतात? ‘गेल्या महिन्यात किती जण पडले?’ असंही विचारा. ‘आमच्याकडे कोणी पडतच नाही’ हे यावर मिळू शकणारं सर्वांत वाईट उत्तर आहे. नोंदवही काढून दाखवणारा बरा.

करारात पुढच्या गोष्टी शब्दांत लिहिलेल्या हव्यात : डायपर, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरची भेट आणि रुग्णवाहिका यांतलं शुल्कात काय धरलंय, काय नाही. रुग्ण मधल्या काळात रुग्णालयात असेल तर खाटेचं शुल्क चालू राहतं का. सोडताना किती दिवस आधी कळवायचं. महिन्याच्या मध्यात मृत्यू झाला तर अनामत आणि उरलेले पैसे किती दिवसांत परत. हा शेवटचा मुद्दा विचारायला जीभ रेटत नाही, म्हणूनच तो करारात बघून घ्यायचा. शक्य असेल तर आधी दोन-चार आठवड्यांचा तात्पुरता मुक्काम ठरवा.

दाखल करायच्या दिवशी माकडहाड, खुबे आणि टाचा यांचे तारखेसह फोटो घ्या आणि नोंदीवर केंद्राची सही घ्या. पुढे ‘हा व्रण घरूनच आला होता’ हा वाद होत नाही. कवळीची डबी, चष्मा आणि कानाचं यंत्र यांवर नाव घाला. कवळी हरवण्यासारखी दुसरी वस्तू नाही. उशीच्या अभ्र्यातून ती थेट धुलाईला जाते.

प्रश्न : दुसऱ्या शहरात राहणारा भाऊ म्हणतो, ‘बाबांना केंद्रात ठेवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.’ काय करू?

पहिल्या उत्तरातला चोवीस ओळींचा कागद भरून त्याला पाठवा आणि सलग सात दिवस, रात्रींसकट, येऊन तो पाळायला सांगा. तुम्ही त्या आठवड्यात घरी थांबू नका. आल्यावर मत बदलेल किंवा दरमहा एक आठवडा तो घेईल, दोन्हीत तुमचा फायदा. आलाच नाही तर त्याचं मत एका दूरच्या नातेवाइकाचं मत म्हणून ऐकून घ्या. आणि बाबांना विचारलंत का? तुमच्या मूळ पत्रात भाऊ आहे, वहिनी आहेत, काकाही आहेत, बाबांचं म्हणणं कुठेच नाही. बोलता येत नसेल तरी मान हलवून किंवा डोळ्यांनी हो-नाही सांगता येतं. प्रश्न छोटे करा आणि एका वेळी एकच विचारा.

प्रश्न : नवऱ्याच्या कर्करोगावर आता उपचार उरलेले नाहीत. त्यांना घरीच राहायचंय. रात्री वेदना वाढल्या तर मला जमेल का, याची भीती वाटते.

जमू शकतं, तयारी आधी असेल तर. वेदनाशामक उपचार करणाऱ्या पथकाशी आजच बोला आणि तीन गोष्टी लेखी घ्या. नियमित औषधाच्या वेळा. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन असेल तर ते सहसा दर चार तासांनी असतं आणि वेदना नसली तरी वेळेवर द्यायचं असतं. ‘दुखेल तेव्हा देऊ’ म्हटलं की वेदना पुढे पळते आणि औषध मागे. दुसरी गोष्ट, मधेच कळ उठली तर द्यायचा जादा डोस. तो किती, किती वेळाने पुन्हा देता येईल आणि किती वेळा दिल्यावर फोन करायचा, हे आकड्यांत लिहून घ्या. तिसरी, शौच साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ बहुधा होतोच. औषध पुढच्या चार दिवसांचं शिल्लक असतानाच नवं आणा.

शेवटच्या दिवसांत खाणं-पिणं आपोआप थांबतं, तेव्हा बळेच भरवू नका, नुसते ओठ ओले ठेवा. घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवा. ऐकणाऱ्याला ती जितकी भयंकर वाटते तितका त्रास त्यांना बहुधा होत नसतो. श्वास मधे थांबून पुन्हा सुरू होऊ लागेल. याच क्षणी घाबरून रुग्णवाहिका बोलावली जाते आणि जे नको होतं ते अतिदक्षता विभागात घडतं. म्हणून अशा वेळी कोणाला फोन करायचा, कोणाला नाही, आणि मृत्यूनंतर दाखला कोणते डॉक्टर देतील, हे एका कागदावर लिहून नवऱ्याच्या आणि डॉक्टरांच्या सहीने ठेवा. कागद कपाटात नको. औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, रात्री तुमच्यासोबत जो कोणी असेल त्यालाही तो सापडला पाहिजे.